व्याह्यांपुढची बाटली

अहो वहिनी, जरा भिंतीपाशी या. तिकडून ओरडून सांगण्यासारखी गोष्ट नाही ही. समोरच्या पीजीतली पोरं दिवसभर खिडकीत लॅपटॉप घेऊन बसलेली असतात, त्यांना आयता विषय मिळायचा. हां, आता नीट सांगा. भावजींच्या साठीला चिरंजीव अमेरिकेहून बर्बन व्हिस्की आणतोय, आणि त्या एका बाटलीचे पंधरा हजार? एका? आणि भावजींनी नुसती मान डोलावली? गच्चीची गळती दोन पावसाळे पुढे ढकलणारा माणूस तो!

पुण्याहून व्याही येणार आहेत, होय. मग लागली संगती. हे व्याही म्हणजे तेच ना, लग्नात ग्लास नाकाशी धरून डोळे मिटून ‘सुके अंजीर’ म्हणाले होते? आमचे हे शेजारीच उभे होते. घरी येऊन मला म्हणाले, मला तर फक्त व्हिस्कीचा वास आला, माझ्या नाकात काही दोष आहे का बघ.

हसू नका, मी या विषयात थोडी मुरले आहे. उभी नोकरी बँकेत कर्जाच्या टेबलावर गेली. माणूस दुकानावर कर्ज मागायला आला, की आतला माल केवढ्याचा आणि बाहेरची पाटी केवढ्याची, हे आधी वेगळं काढायचं. सवयच लागली. तशी बाटलीचीही फोड करते मी. पिते? चमचाभर, कधीमधी. सासूबाई गेल्यानंतर सुरू केलं, हे आपल्या दोघींत राहू द्या.

तर ऐका. तुमचा मुलगा येताना आणतोय ते शहाणपणाचं आहे, कारण माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही. तीच बाटली इथल्या दुकानातून घ्याल तर वेगळी कथा. परदेशी व्हिस्कीवर बंदरातच दीडशे टक्के शुल्क असायचं. म्हणजे हजाराचा माल, त्यावर दीड हजार सरकारचे. बाटलीनं अजून आपला कोरमंगल्याचा ऐंशी फुटी रस्ता पाहिलेला नाही आणि ती अडीच हजारांची झालेली. २०२५ च्या फेब्रुवारीत मोदी-ट्रंप भेटीच्या सुमाराला बर्बनवरचं शुल्क शंभर टक्क्यांवर आणलं. फक्त बर्बनवर हं, स्कॉचला त्यातलं काही मिळालं नाही. स्कॉचचं पुढे जुलैमध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात ठरलं, आधी पंचाहत्तर आणि मग दहा वर्षांत चाळीस टक्क्यांपर्यंत. हे झालं दिल्लीचं. मग आपलं बेंगळुरू. इथे किमतीचे टप्पे केलेत. बाटली जेवढी महाग तेवढी ती वरच्या टप्प्यात, आणि तेवढी अबकारी जास्त. २०२३ च्या जुलैत सिद्धरामय्यांनी अर्थसंकल्पात सगळ्याच टप्प्यांवरची अतिरिक्त अबकारी वीस टक्क्यांनी वाढवली. पुढच्या वर्षी अठरा टप्प्यांचे सोळा केले आणि वरच्या बाटल्या उतरवल्या, कारण लोक गोव्याहून सामानात गुंडाळून आणायला लागले होते. आमचे हेही त्यातलेच. मागच्या खेपेला माझ्या कांजीवरममध्ये गुंडाळून आणली होती, बोला.

म्हणजे दुकानातली महाग बाटली घेताना तुम्ही जे मोजता, त्यातलं बरंचसं व्हिस्कीचं नसतंच. करांवर कर, मग जाड बुडाची काच, लाकडी बूच, मखमली पिशवी, खोका. त्या खोक्यांत मी बटणं ठेवते, चांगले टिकतात.

पण वहिनी, ‘सगळी सारखीच, नावाचे पैसे’ असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. तेही खोटं आहे. खालच्या टोकाला फरक आहे आणि तो चांगलाच आहे. आपल्याकडे व्हिस्की म्हणून जी स्वस्तातली विकतात, तिचा मुख्य ऐवज मळीचा. हो, साखर कारखान्याची मळी. तुमचं माहेर सांगलीकडचं, तुम्हाला तो वास मी काय सांगायचा! मळीपासून शुद्ध मद्यार्क काढायचा, त्यात थोडी माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की, मिसळायची, रंग आणायचा, वर इंग्रजी नाव. युरोपात हिला व्हिस्की म्हणून विकू देत नाहीत, कारण तिथल्या नियमात व्हिस्की धान्याचीच हवी.

बर्बनचं तसं नाही. अमेरिकेचा कायदा त्या बाबतीत फार कडक आहे. निदान एक्कावन्न टक्के मका हवा, ओकचं आतून जाळलेलं पिंप कोरं करकरीत हवं, आणि बाहेरून रंग घालायचा नाही. तो जो गडद तांबूस रंग येतो ना, तो त्या जळक्या लाकडाचाच. ‘स्ट्रेट’ लिहिलं असेल तर पिंपात निदान दोन वर्षं. आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय बाटलीवर छापावंच लागतं. म्हणजे साधी, आकडा न लिहिलेली स्ट्रेट बर्बन घेतलीत तरी ती चार वर्षांची असतेच. ही हमी स्वस्त बाटलीलाही आहे, हे लक्षात घ्या. तिकडे तळाची बाटलीही तळाची नसते.

आमच्याकडे कोजागरीला गच्चीवर परीक्षा घेतली होती, तुम्ही तेव्हा सुनेच्या बाळंतपणाला गेला होतात. दूध आमच्याकडे, बाकीचं पुरुषांकडे. मी स्टीलचे पेले काढले, म्हणजे रंग दिसायला नको. पेल्यांच्या बुडाला टिकल्या चिकटवल्या: लाल, हिरवी, काळी, मरून. एकात सरकारी दुकानातली सगळ्यांत स्वस्त, एकात मधल्या किमतीची बर्बन, एकात आपली बेंगळुरूची माल्ट, आणि एकात भाच्यानं आणलेली ती भारीतली बर्बन, जिच्या किमतीत आमचा फ्रीज आला असता. खालच्या भाडेकरूंनाही बोलावलं. स्टीलच्या पेल्यात व्हिस्की म्हटल्यावर एकजण जरा रुसलाच, ट्यूलिपच्या आकाराचा ग्लास हवा म्हणे, त्याशिवाय वास बांधला जात नाही. म्हटलं, वास सगळ्यांचाच मोकळा जाईल, अन्याय कुणावर होणार नाही.

काय झालं सांगू? स्वस्तातली सगळ्यांनी ओळखली. पहिल्या घोटालाच. माझ्यासारखीनंसुद्धा, नुसत्या वासावर. घशात नुसती तिखट जाते आणि मागे गोडूस काहीतरी चिकटून राहतं. तिथे वाद नव्हता. पण उरलेल्या तिघींत पार गोंधळ. आमच्या ह्यांनी मधलीला भारी म्हटलं. भाच्यानं स्वतःच आणलेली बर्बन तिसऱ्या नंबरावर टाकली आणि टिकली बघितल्यावर ‘मला आज सर्दी आहे’ म्हणाला. दोघांनी आपली माल्ट वर ठेवली. वहिनी, खालून वर एक पायरी चढलं की जिभेला कळतं. त्यावरच्या पायऱ्या मोजायला टिकलीच बघावी लागते.

आणि असं का होतं, तेही त्या भाच्यानंच सांगितलं, सर्दी उतरल्यावर. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात काही संशोधकांनी वीस माणसांना मेंदूची छायाचित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून नळीनं वाइन पाजली. एकच वाइन, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वद डॉलरची म्हणून. नव्वदची म्हटलं की ती जास्त आवडायची. आणि नुसतं तोंडदेखलं नाही हं, मेंदूतला सुखाचा भागही खरंच जास्त चमकायचा. म्हणजे तुमचे व्याही ढोंग करतात असं मी म्हणत नाही. त्यांना ते अंजीर खरंच लागतं. किंमत ऐकूनच लागतं, एवढंच.

आता वयाचं सांगते. भावजी पंधरा वर्षांची, वीस वर्षांची असं काहीतरी म्हणत होते ना? तिथे जरा सावध. बर्बन कोऱ्या पिंपात असते, त्यामुळे लाकूड फार लवकर अंगात येतं. स्कॉच जुन्या, वापरलेल्या पिंपात सावकाश मुरते, ती वीस वर्षं सोसते. बर्बन पुष्कळ वेळा बारा-पंधराच्या पुढे काष्ठौषधीच्या काढ्यासारखी कडवट व्हायला लागते. म्हातारी म्हणजे चांगलीच, असं तिच्यात नाही. दुर्मीळ मात्र असते, आणि पैसे त्या दुर्मीळपणाचे.

पॅपी व्हॅन विंकल नाव ऐकलंय? तुमच्या मुलाला विचारा, त्याचे डोळे लकाकतील. केंटकीतल्या फ्रँकफर्टला बफेलो ट्रेस म्हणून भट्टी आहे, तिथे ती होते. मक्याच्या जोडीला राय हे धान्य न घालता गहू घालतात, म्हणून मऊ. त्याच भट्टीत, त्याच गव्हाच्या धर्तीवर वेलर नावाची दुसरी बर्बन होते. फरक वयाचा आणि पिंपं निवडण्याचा. पूर्वी जाणकार लोक हळूच सांगायचे, पॅपी परवडत नसेल तर वेलर घे. आता हे सगळ्यांनाच कळल्यावर वेलरही मिळेना आणि तीही चढली. पॅपीसाठी तर काही राज्यांत चक्क सोडत काढतात, म्हाडाच्या घरांसारखी. छापील किंमत काही शे डॉलर, बाहेर हजारोंनी जाते. २०१३ मध्ये त्या भट्टीतून पॅपीच्या बाटल्या चोरीलाच गेल्या होत्या.

पण खरी गंमत ऑरेगनची. तिथे दारूचा व्यापार राज्य सरकारकडे. २०२३ मध्ये उघडकीला आलं की अबकारीचे वरिष्ठ साहेब लोकच या दुर्मीळ बाटल्या गोदामातून आपल्यासाठी बाजूला ठेवायला सांगत होते. पैसे भरून घ्यायचे हो, फुकट नाही. पण जनता रांगेत आणि साहेबांची बाटली आधीच बाजूला. राज्यपालबाईंनी सांगितल्यावर संचालकांना खुर्ची सोडावी लागली. मी ह्यांना म्हटलं, बघा, आपल्याकडे रेशनच्या साखरेचं व्हायचं, तिकडे बर्बनचं होतं.

आणि वहिनी, एवढं अमेरिकेचं कौतुक करताना आपल्या नाकासमोरचं विसरू नका. इथून मैसूर रस्त्यानं केंगेरीच्या पुढे गेलात की कांबीपुरा लागतं. तिथे अमृतची भट्टी. १९४८ मध्ये राधाकृष्ण जगदाळ्यांनी कंपनी सुरू केली. हो, जगदाळे! आपण मसूरचे जगदाळे म्हणतो त्यातलं आडनाव. आमच्या सातारच्या मामांना हे कळलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशी बाटली घेऊनच आले. आधी रम, ब्रँडी, मिसळीच्या व्हिस्क्या. त्यांच्या मिसळीच्या व्हिस्कीचं नाव बघा, मॅकिंटॉश! आणि खोडे कंपनीच्या पीटर स्कॉट व्हिस्कीचं प्रकरण तर स्कॉटलंडवाल्यांनी सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं, नावात ‘स्कॉट’ का म्हणून. २००८ मध्ये खोडेच जिंकले, कारण स्कॉटलंडवाले फार उशिरा जागे झाले असं कोर्ट म्हणालं. त्या काळी इथे देशी नावानं व्हिस्की विकायला फारसं कुणी धजत नव्हतं. जगदाळ्यांनी मात्र सिंगल माल्ट काढली तेव्हा बाटलीवर सरळ अमृत लिहिलं.

आणि आणली कुठे? आपल्याकडे नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये थेट ग्लासगोला, स्कॉटलंडच्या अंगणात! पुढे कंपनी चालवणाऱ्या नीलकंठ जगदाळ्यांचा मुलगा इंग्लंडमध्ये शिकायला होता, त्याच्या प्रबंधातून ही कल्पना निघाली. ग्लासगोच्या पबमध्ये नाव न सांगता पाजली तर लोकांना ती तिकडचीच वाटली म्हणे. तरी सुरुवातीला खपेना. भारताची व्हिस्की म्हटल्यावर लोक हसायचे. मग जिम मरे नावाच्या समीक्षकानं २०१० च्या आपल्या व्हिस्की बायबलमध्ये अमृत फ्यूजनला शंभरात सत्त्याण्णव दिले आणि जगात तिसरी म्हटलं. त्याच सुमाराला ती बेंगळुरूत विकायला आली. बघा, कोरमंगल्यातल्या माणसाला कांबीपुऱ्याची व्हिस्की प्यायला स्कॉटलंडचा दाखला लागला! व्याही काय वेगळे आहेत मग?

आणि इथे वयाचा हिशेब पार उलटा होतो, हे तुम्ही भावजींना नक्की सांगा. पिंपातून दरवर्षी थोडी व्हिस्की हवेत उडते. स्कॉटलंडच्या थंडीत वर्षाला दोन टक्के. आपल्या हवेत दहा ते बारा. मी कागदावर मांडून बघितलं, तुम्हीही बघा: दोन टक्क्यांनी बारा वर्षं ठेवली तरी शंभर लिटरांतली अठ्ठ्याहत्तर उरते. अकरा टक्क्यांनी आठ वर्षांतच चाळीसच्या खाली, आणि बारा वर्षांत पंचवीससुद्धा नाही. म्हणून इथली माल्ट चार-पाच वर्षांत बाटलीत भरतात, आणि तेवढ्यात ती तिकडच्या दुप्पट-तिप्पट वयाच्या व्हिस्कीसारखी मुरलेली असते. अमृतनं २०१३ मध्ये आठ वर्षांची काढली होती, मोजक्याच बाटल्या, नाव ग्रीडी एंजल्स. उडालेला वाटा देवदूत पितात असं तिकडे म्हणतात, आपले देवदूत फारच हावरट निघाले. ती महाग होती आणि मला त्या किमतीचा राग आला नाही. तिथे पैसा हवेत गेलेला आहे, जाहिरातीत नाही. महाग बाटली बघितली की मी हेच विचारते, तुझा पैसा गेला कुठे? लाकडात, काळात, उडण्यात गेला असेल तर ठीक. नुसता रांगेत गेला असेल तर मला नको.

आणि गंमत बघा, अमेरिकेत बर्बनचं पिंप कायद्यानं एकदाच वापरायचं. मग ती वापरलेली पिंपं जगभर विकली जातात, त्यातली अमृतकडेही येतात. तुमचा मुलगा जी बर्बन विमानातून आणणार, तसल्याच बर्बनचं लाकूड जहाजातून आधीच मैसूर रस्त्याला पोचलेलं आहे. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची माल्ट होते, त्या कंपनीचं घरही बेंगळुरूच. बाहेरचं नाव लागल्याशिवाय आपल्याला चव येत नाही, दुसरं काय. रामनगरचा बदामी आंबा देवगडच्या पेटीत घातला की तिप्पट भावानं घेतोच ना आपण, आणि वर ‘कोकणची बात और’ म्हणतो.

मी काय करीन? माझं विचाराल तर मुलाला म्हणावं, पंधरा हजारांची नको. तिकडे ‘बॉटल्ड इन बाँड’ लिहिलेली बर्बन मिळते, ती आण. १८९७ चा कायदा आहे तो: एका भट्टीची, एका हंगामाची, निदान चार वर्षं सरकारी देखरेखीखालच्या गोदामात मुरलेली, आणि बरोबर पन्नास टक्के. तिकडे ती काही फार महाग नसते. पन्नास टक्क्यांचा मुद्दा सोडू नका हं. आपल्या साध्या व्हिस्कीत बेचाळीस पूर्णांक आठ टक्के असतं, म्हणजे साडेसातशे मिलीच्या बाटलीत तीनशे एकवीस मिली मद्यार्क. पन्नासवालीत तीनशे पंचाहत्तर. बाकी पाणी, आणि पाणी आपल्याकडे कावेरीचं जवळजवळ फुकट आहे, म्हणजे टँकरचं नसलं तर. फ्यूजनही पन्नासचीच. ती एक इथून घ्या. दोन बाटल्या मांडा, एक तिकडची, एक इथली. व्याह्यांना ग्लास द्या आणि किंमत सांगू नका. विचारलीच, तर भावजींना फक्त हसायला सांगा. व्याही स्वतःच मनात तिप्पट करतील.

आणि तुमच्या शोकेसमधली ती जुनी, लग्नातली? नातवाच्या मुंजीसाठी ठेवली म्हणता? वहिनी, बाटलीत वय वाढत नाही. पिंपातून बाहेर आली की ती तिथल्या तिथे थांबते. उलट बूच लाकडी असेल तर सुकतं. आणि आडवी ठेवली आहे का? वाइनसारखी? उभी करा आधी, एवढ्या जोराच्या दारूनं बूच खाल्लं जातं. उघडा तीही साठीलाच. उरलेल्या पैशांत गच्चीची गळती करून घ्या, मी तर म्हणेन.

एक मात्र जपा. प्यायल्यावर रिकामी बाटली भंगारवाल्याला तशीच देऊ नका. लेबल खरवडा, नाहीतर फोडून टाका. आमच्या ह्यांनी एकदा खोक्यासकट, पिशवीसकट दिली. एरवी किलोवर घासाघीस करणाऱ्या त्या माणसानं त्या एका नगाचे एवढे पैसे निमूटपणे काढून दिले, की मला तेव्हाच कळलं, ही आता पुन्हा भरून कुणाच्या तरी व्याह्यांपुढे जाणार.